वर्गणीदार आणि गिऱ्हाईक

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचं दुकान घातलं. त्यांचा लोखंडी नांगरांचा कारखाना पुढे किर्लोस्करवाडीला गेला आणि तिथून १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' निघालं. कारखान्याची खबर देणारं हे पत्र पुढे 'किर्लोस्कर' मासिक झालं. 'स्त्री' आणि 'मनोहर' ही त्याची भावंडं. नांगर विकणाऱ्याला तेव्हा मासिक हवंसं वाटलं. आज मात्र जगातला बलाढ्य ऑनलाइन विक्रेता त्यातून अंग काढून घेतो: ॲमेझॉनने २०२३ मध्ये छापील आणि किंडलवरच्या मासिकांच्या वर्गण्या बंद केल्या. यात नवल नाही. पुस्तक गोदामात वर्षभर पडलं तरी खपतं. अंक मात्र पुढचा अंक आला की शिळा होतो. शिवाय ऑनलाइन शोधणारा माणूस ठाऊक असलेलंच नाव शोधतो. न मागितलेला लेख समोर आणून ठेवणं हे तर मासिकाचं खरं काम.

ते काम आजही नेटाने करतात ती वाचनालयं. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय १८४८ चं, म्हणजे किर्लोस्करांच्या दुकानाहून चाळीस वर्षांनी जुनं. मराठी वाचनालयांत दिवाळीला चालणारी अंक योजना बारकाईने पाहण्यासारखी आहे. अंकाला जाड कव्हर चढतं, दाखल क्रमांक पडतो, आत गोल शिक्का बसतो. ठरावीक वर्गणी भरायची, एक अंक न्यायचा, तो परत करून दुसरा घ्यायचा. नावाजलेला अंक बाहेर गेलेला असला की टेबलावर उरलेला अनोळखी अंक घरी जातो, आणि नव्या लेखकाला वाचक मिळतो तो असा. एक प्रत अनेक घरं फिरली तर प्रकाशकाचा खप बुडतो, असा आक्षेप घेतला जातो. पण दिवाळी अंकाचा खर्च मुख्यतः जाहिरातींवर निघतो, आणि जाहिरातदाराला वाचक हवे असतात. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: निपाणीपलीकडच्या ज्या खेड्यात अंकांचं दुकानच नाही, तिथे ऑनलाइन मागवलेलं पार्सल पोचतं. हे मान्यच करायला हवं. मात्र दोन-तीनशे रुपयांच्या एकेका अंकाला टपालखर्च जोडला, तर साधं घर किती अंक मागवील?

सीमाभागाची अडचण याहून खोल आहे. महाराष्ट्राच्या १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखालचं अनुदान राज्याच्या हद्दीपाशी थांबतं, आणि बेळगाव-निपाणी १९५६ पासून त्या हद्दीबाहेर आहेत. इथल्या मराठी वाचनालयाला सभासदांच्या वर्गणीचाच मोठा आधार. या भागातल्या वाचकांनी येत्या दिवाळीत हवा तो अंक ऑनलाइन जरूर मागवावा. पण त्याआधी जवळच्या वाचनालयाची वर्गणी भरावी.