आवाज नेमका कुठे फाटतो?

1961 साली गाजलेल्या मार्टी रॉबिन्स यांच्या ‘डोन्ट वरी’ या गाण्यात मध्येच एक घरघरता, फाटका सूर येतो. नॅशव्हिलच्या स्टुडिओत ग्रेडी मार्टिन यांची बेस गिटार कन्सोलच्या एका बिघडलेल्या चॅनेलमधून गेली आणि तिचा आवाज तसा झाला. तो तसाच ठेवला गेला. ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी पुढे असाच आवाज मुद्दाम काढणारं सर्किट घडवलं आणि 1962 मध्ये ते ‘माएस्ट्रो फझ-टोन’ पेडल म्हणून बाजारात आलं. तेव्हापासून रॉक संगीतातली गिटार फाटलेल्या आवाजावर जगत आली आहे, आणि मोठ्याने वाजणारा अ‍ॅम्प रेकॉर्ड करणाऱ्याची खरी अडचण इथेच आहे. त्याला एक डिस्टॉर्शन हवं असतं आणि दुसरं नको असतं; मुद्रणात मात्र दोन्ही एकमेकांत मिसळलेली ऐकू येतात. अशा वेळी बहुतेक जण शेवटचा फेडर खाली ओढतात. त्याने काहीही साधत नाही. लहरीचा माथा एकदा कापला गेला की त्याच्या वर काय होतं हे पुढच्या कोणत्याही यंत्राला कळत नाही. फेडर ओढल्यावर मिळतो तो तोच फाटलेला आवाज, फक्त हळू.

‘शेवटी डिस्टॉर्शन ते डिस्टॉर्शन, मग एवढा भेद कशाला?’ असं कुणी विचारेल, आणि बीटल्सचा दाखलाही देईल. 1968 च्या ‘रेव्होल्यूशन’मध्ये त्यांनी गिटार अ‍ॅम्पला न जोडता थेट कन्सोलमध्ये घातली आणि त्याचे प्रीअ‍ॅम्प मुद्दाम ओव्हरलोड केले. दाखला खरा आहे, पण तो भेद पुसत नाही, उलट ठळक करतो. गिटार अ‍ॅम्पचा स्पीकर साधारण पाच किलोहर्ट्झच्या पुढचे स्वरांश झपाट्याने गाळतो. व्हॉल्व्हमध्ये तयार झालेल्या डिस्टॉर्शनची सगळ्यात बोचरी धार त्यामुळे स्पीकरमध्येच बोथट होते, आणि उरतो तो भरदार, गोलसर आवाज. माइकच्या पुढे कुठेही आवाज फाटला, तर ती धार गाळायला वाटेत स्पीकर नसतो. ‘रेव्होल्यूशन’ची गिटार कानात घुसते ती याच कारणाने, आणि तिथे तेच हवं होतं. ऐकून, ठरवून निवडलेल्या कर्कशपणाबद्दल तक्रार नाही. न कळता शिरलेला कर्कशपणा वादकाने अ‍ॅम्पवर मन लावून जुळवलेला सूर नासवतो.

तो शिरतो कुठून, हे आकड्यांतून स्पष्ट होतं. 94 डेसिबलला ध्वनीचा दाब एक पास्कल असतो, 114 डेसिबलला दहा. शुअरचा 1965 पासून मिळणारा एसएम57 हा डायनॅमिक माइक एका पास्कलला सुमारे 1.9 मिलिव्होल्ट देतो, तर न्यूमनचा यू87 एआय हा कंडेन्सर माइक 28 मिलिव्होल्ट. म्हणजे 114 डेसिबलला पहिल्यातून 19 आणि दुसऱ्यातून 280 मिलिव्होल्ट बाहेर पडतात. गायकाच्या आवाजासाठी लावून ठेवलेल्या प्रीअ‍ॅम्पला हे झेपत नाही. शिवाय कंडेन्सर माइकच्या आत स्वतःचं सर्किट असतं. पॅड लावला नसेल तर यू87 एआय 117 डेसिबलपर्यंतच स्वच्छ राहतो, आणि मोठ्याने वाजणाऱ्या अ‍ॅम्पच्या जाळीला चिकटून माइक लावला तर 120 डेसिबल सहज ओलांडले जातात. म्हणजे आवाज केबलमध्ये शिरण्याआधीच फाटलेला असतो, आणि इंटरफेसचं मीटर मात्र निवांत हिरवं दिसतं. ‘मीटर लाल झालं नाही, म्हणजे मुद्रण ठीक आहे’ हा समज म्हणूनच सगळ्यात जास्त फसवतो.

यावरून शोधाचा क्रमही ठरतो. अ‍ॅम्पला हात न लावता तोच तुकडा तेवढ्याच जोराने वाजवत ठेवावा आणि शेवटाकडून उगमाकडे यावं. आधी हेडफोनवर ओळखीचं, स्वच्छ मुद्रण तेवढ्याच आवाजात ऐकावं. तेही फाटत असेल तर दोष ऐकण्याच्या साधनात आहे. मग इंटरफेसचा गेन उतरवावा. खरखर गेली तर प्रीअ‍ॅम्प किंवा कन्व्हर्टर भरून जात होता. आवाज हळू झाला पण खरखर तशीच राहिली, तर इंटरफेसवरचा पॅड लावावा. त्याने फरक पडला तर प्रीअ‍ॅम्पचा प्रवेशाचाच टप्पा कमी पडतो आहे. तरीही फरक नसेल तर माइकवरचा पॅड लावावा, तो नसेल तर माइक मागे न्यावा. आवाजाच्या चढउताराशी संबंध नसलेली टिकटिक असेल तर ती बहुधा संगणकाच्या फार लहान बफरची, आणि तिचा या साखळीशी काही संबंध नाही.

सगळंच कमी पातळीवर रेकॉर्ड केलं तर हिस येईल, ही भीती टेपच्या काळात रास्त होती. 24 बिटच्या मुद्रणाची सैद्धांतिक व्याप्ती 144 डेसिबल आहे. सर्वोच्च टोकं कमाल मर्यादेच्या 12 डेसिबल खाली ठेवली तरी खूप जागा उरते, आणि एवढ्या मोठ्या अ‍ॅम्पपुढे प्रीअ‍ॅम्पचा हिस ऐकूही येत नाही. 32 बिट फ्लोट रेकॉर्डरने हा प्रश्नच संपवला, असंही सांगितलं जातं. संख्या साठवण्यापुरतं ते बरोबर आहे, पण माइकच्या पोटात किंवा बाहेर जोडलेल्या प्रीअ‍ॅम्पमध्ये कापली गेलेली लहर तो रेकॉर्डर कापलेलीच साठवतो. ‘अ‍ॅम्पच हळू करा’ हा सल्ला त्यापेक्षा वजनदार आहे. पण व्हॉल्व्ह अ‍ॅम्पचा आउटपुट विभाग आणि स्पीकर जोरात चालल्यावरच त्यांचा खरा रंग येतो. आवाज उतरवला की जे रेकॉर्ड करायचं तेच बदलतं. म्हणून अ‍ॅम्पच्या नॉबला सगळ्यात शेवटी हात लावावा, आणि तोही साखळीतली बाकीची प्रत्येक कडी निर्दोष ठरल्यावर. तेव्हाही खरखर राहिली तर माइक बाजूला ठेवून खोलीत कानाने ऐकावं. ढिला स्क्रू, थरथरणारी मागची फळी किंवा कोपऱ्यात आपोआप झणझणणारा स्नेअर ड्रम बहुतेक वेळा तिथेच सापडतो.