आधी दाब, मग वेग

धुलाईयंत्र, पाण्याच्या पंपाचा नियंत्रक, रुग्णाला थेंब मोजून औषध देणारं यंत्र, या सगळ्यांच्या पोटात एक छोटा संगणक दडलेला असतो. तंत्रज्ञ त्याला ‘एम्बेडेड’ यंत्रणा म्हणतात. कवितेच्या माणसानं या भानगडीत कशाला पडावं, असं कुणी विचारील. पण मंडळी, मामला लयीचाच आहे!

प्रोसेसर ठोक्यावर चालतो. दोन ठोक्यांच्या मध्ये आतल्या असंख्य सूक्ष्म स्विचांनी आपापलं काम उरकायचं असतं. त्यांची चपळाई ठरते विजेच्या दाबावर, म्हणजे व्होल्टेजवर. दाब कमी आणि ठोका घाईचा, तर काम अर्धवट असतानाच पुढचा ठोका पडतो. मग यंत्र बंद पडलं तर नशीब समजायचं. कधी ते चालूच राहतं आणि बिनदिक्कत चुकीचा आकडा देतं. औषधाच्या यंत्रात असं झालं तर?

म्हणून वेग आणि दाब यांच्या जोड्या ठरलेल्या असतात: अमुक वेगाला किमान अमुक दाब. लिनक्समध्ये त्यांचा तक्ताच ठेवतात. वेग वाढवताना आधी दाब वाढवायचा, तो स्थिरावू द्यायचा आणि मगच वेग. उतरताना नेमकं उलट, आधी वेग, मग दाब. क्रम चुकला तर मधल्या निमिषात वेग जास्त आणि दाब अपुरा, अशी गत होते.

मग दाब कायम चढाच का ठेवू नये? कारण उष्णता दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ब्रिटनमध्ये २०१२ साली निघालेला ‘रास्पबेरी पाय’ घ्या. त्याचे मूळ ठोके सेकंदाला ७० कोटी. त्याच वर्षी उत्पादकांनी १०० कोटींपर्यंतची मुभा दिली, तेव्हा दाब १.२ वरून १.३५ व्होल्टवर न्यावा लागला. वेग दीडपटही नाही, पण हिशेबानं वीज जवळजवळ १.८ पट! म्हणूनच तापमान ८५ अंशांना पोचलं की ही वाढीव चाल आपोआप बंद होई.

हौशी मंडळी याहून पुढे जातात. मित्राचं यंत्र अमुक वेगावर चाललं, म्हणून आपलंही चालेल, असं धरतात. पण एकाच कारखान्यातल्या दोन चिपाही तंतोतंत सारख्या नसतात, आणि थंडीत निभावलेली जोडी मे महिन्यात दगा देऊ शकते.

कित्येकदा मात्र दोष सेटिंगचा नसतोच, स्वस्तातल्या चार्जरचा असतो. २०१४च्या ‘बी प्लस’ पायमध्ये येणारा दाब ४.६३ व्होल्टच्या खाली गेला की लाल दिवा विझतो. तो विझताना दिसला, तर आधी चार्जर आणि वायर बदलून पाहावी.