लडाखचे डोंगर कॅमेऱ्यात पकडताना

लेह समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे आणि तिथे वर्षभरात जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस पडतो. हवा विरळ आणि कोरडी असल्याने आकाश गडद निळे दिसते, सावल्या काळ्याकुट्ट पडतात. भर दुपारी डोंगर सपाट, पांढुरके वाटतात. सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन पडले की त्याच उतारांवरच्या घळी आणि मातीचे थर उठून दिसतात. लामायुरूची ‘मूनलँड’ हे याचे उत्तम उदाहरण. जुन्या सरोवराच्या तळाशी साचलेला पिवळसर गाळ वाऱ्या-पाण्याने कोरला गेला आहे आणि तिरप्या उन्हात त्याची सुरकुती न् सुरकुती दिसते.

पोलरायझर फिल्टर इथे जपूनच वापरावा. वाइड लेन्सवर तो पूर्ण फिरवला तर आकाशाचा एक भाग जवळजवळ काळा, दुसरा फिकट येतो. पँगाँग सरोवराचे कितीतरी फोटो असेच बिघडलेले असतात. फ्रेममध्ये बर्फ जास्त असेल तर कॅमेरा फोटो काळपट काढतो. एक्स्पोजर साधारण एक स्टॉप वाढवावे. उतारांवर झाडे नसल्याने डोंगर केवढा आहे तेच कळत नाही. पायथ्याचा चोर्तेन (बौद्ध स्तूप) किंवा वळणावरचा ट्रक फ्रेममध्ये आला की अंदाज येतो.

थंडीत बॅटरी लवकर उतरते, म्हणून जादा बॅटरी आतल्या खिशात ठेवतात. गार कॅमेरा उबदार खोलीत नेण्याआधी पिशवीत बंद करावा, नाहीतर काचेवर दव धरते. रात्रीच्या आकाशासाठी हानले गाव गाठावे. तिथल्या डार्क स्काय रिझर्व्हमध्ये हेडलाइट आणि पांढरी टॉर्च टाळावी लागते.