नऊ फुटांच्या पुढची उडी

भरतीची तयारी करणाऱ्या, बीड जिल्ह्यातल्या वडवणीच्या कुठल्याही पोराला लांब उडीबद्दल विचारा, तो उत्तर फुटांत देईल. लष्करभरतीत नऊ फुटांचा खंदक एका झेपेत ओलांडावा लागतो. काही वर्षांपूर्वीपर्यंत पोलीस भरतीतही लांब उडीला गुण होते. आता तिथे सोळाशे मीटर, शंभर मीटर आणि गोळाफेक उरली आहे. थोडक्यात, आमच्याकडे उडी शिकतात ती नोकरीपुरती. पहाटे बीड-परळी रस्त्याच्या कडेने पळणाऱ्या पोरांच्या डोक्यात पदक नसतं, वर्दी असते.

वर्दीच्या याच वाटेने बीड जिल्ह्यातला एक जण ऑलिंपिकच्या अंतिम फेरीपर्यंत पोहोचला. अविनाश साबळे. जन्म 1994, गाव आष्टी तालुक्यातलं मांडवा. आई-वडील शेतकरी, जोडीला वीटभट्टीवरचं काम. शाळा सहा-सात किलोमीटरवर, तिथवर कधी चालत तर कधी पळत जायचं. बारावी झाल्यावर तो सैन्यात गेला, 5 महार रेजिमेंटमध्ये. सियाचीनचा बर्फ, राजस्थानचं वाळवंट, मग सिक्कीम. 2015 मध्ये तो क्रॉस-कंट्री धावू लागला आणि पुढे लष्करातलेच प्रशिक्षक अमरीश कुमार यांनी त्याला स्टीपलचेजकडे वळवलं.

हा प्रकार नीट समजून घेण्यासारखा आहे. अंतर 3000 मीटर. वाटेत 28 अडथळे आणि 7 वेळा पाण्याची उडी. पुरुषांसाठी अडथळ्याची उंची 91.4 सेंटिमीटर. हर्डल्समधला अडथळा पाय लागला की पडतो. हा लाकडी ओंडका हलत नाही, धडकणाराच पडतो. पाण्याचा खड्डा 3.66 मीटर लांब, म्हणजे बारा फूट. अडथळ्यालगत तो सर्वांत खोल आणि पुढे चढत चढत ट्रॅकला येऊन मिळतो. झेप जितकी लांब, तितकं पाणी कमी आणि पुढचं पाऊल तितकं मोकळं. झेप तोकडी पडली तर पाय खोल पाण्यात आणि लय गेली. दम लागलेला असताना, आजूबाजूला आठ-दहा जणांची कोपरं लागत असताना, ही उडी सात वेळा साधायची असते.

साबळेने 2018 मध्ये भुवनेश्वरला 8 मिनिटं 29.80 सेकंद वेळ देऊन गोपाळ सैनी यांचा 1981 पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. त्यानंतर तो स्वतःचाच विक्रम मोडत राहिला. 2019 मध्ये दोहाच्या जागतिक स्पर्धेत प्राथमिक फेरीत दुसऱ्या धावपटूमुळे वाट अडून त्याची शर्यत बिघडली. भारताने दाद मागितली, त्याला अंतिम फेरीत घेतलं गेलं आणि तिथे 8:21.37 वेळ देऊन त्याने टोकियो ऑलिंपिकचं तिकीट मिळवलं. 2022 मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 8:11.20 वेळेसह रौप्य. सुवर्ण हुकलं ते सेकंदाच्या पाच शतांशाने. 1998 ते 2018 या सहा राष्ट्रकुल स्पर्धांमध्ये या शर्यतीची तिन्ही पदकं केनियाच नेत आला होता, हे लक्षात घेतलं की त्या रौप्याचं वजन कळतं. 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत स्टीपलचेजचं सुवर्ण आणि 5000 मीटरचं रौप्य. 2024 मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये 8:09.91, आणि त्याच शहरात ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत अकरावा. जुलै 2025 मध्ये मोनॅकोत पाण्याच्या उडीवरच तो पडला, गुडघ्याचं लिगामेंट फाटलं आणि शस्त्रक्रिया करावी लागली.

साबळेचं नाव निघालं की आमच्याकडे एक वाक्य ठरलेलं असतं: कष्टाची सवय होती म्हणून घडला. माणदेशातल्या मोहीची ललिता बाबर 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये याच शर्यतीत दहावी आली, तेव्हाही दुष्काळालाच श्रेय मिळालं. हे वाक्य ऐकायला बरं वाटतं, पण ते खरं नाही. मैलोन्‌मैल चालून शाळा गाठणारी पोरं बालाघाटाच्या रांगांत हजारोंनी झाली. साबळेला वेगळं मिळालं ते वयाच्या अठराव्या वर्षानंतर: ठरलेला पगार, पोटभर जेवण, पारखी प्रशिक्षक, परदेशातल्या शर्यती. 8:29 पासून 8:09 पर्यंतची वीस सेकंदं सहा वर्षांत कमी झाली ती या शिदोरीवर. गरिबीने त्याला चालायला लावलं. धावपटू केलं ते व्यवस्थेने.

लांब पल्ल्याच्या धावण्यात विसाव्या वर्षी सुरुवात केली तरी चालून जातं. लांब उडीत मात्र तेवढा वेळ हाती नसतो. वीस सेंटिमीटर रुंदीच्या फळीवर पूर्ण वेगात नेमकं पाऊल पडायला लहानपणापासून हजारो वेळा तीच धाव मोजून घ्यावी लागते. झाशीची शैली सिंग चौदाव्या वर्षी बंगळुरूला अंजू बॉबी जॉर्जच्या अकादमीत गेली आणि 2021 मध्ये नैरोबीत वीस वर्षांखालच्या जागतिक स्पर्धेत 6.59 मीटर उडी मारून रौप्य जिंकली. सुवर्ण एका सेंटिमीटरने गेलं. जेस्विन आल्ड्रिनने 2023 मध्ये 8.42 मीटरचा राष्ट्रीय विक्रम केला तो बळ्ळारीत, जिथे खेळाडूंसाठी मोठी संस्था उभी आहे.

वडवणीच्या पोराचं चौदावं वर्ष कसं जातं? दिवाळी आटोपते न आटोपते तोच ऊसतोडीच्या मुकादमाची गाडी दारात येते. उचल घेतलेली असते, कोयता निघतो. पोरं एकतर फडावर जातात किंवा गावातल्या हंगामी वसतिगृहात राहतात. पावसाळ्यात शिकलेली धाव ऊस संपेपर्यंत मोडून जाते.

म्हणून सुरुवात तालुक्याच्या मोठ्या स्टेडियमपासून करण्याची गरज नाही. हंगामी वसतिगृह जिथे आहे त्याच शाळेत चाळीस मीटरची सपाट धावपट्टी, एक फळी, वाळूचा खड्डा आणि टेप धरणारा एक जाणता शिक्षक एवढं पुरेल. फडावर न गेलेली पोरं हंगामभर तिथेच असतात. अठरा वर्षांच्या पोराला सैन्य शोधून काढेल, चौदा वर्षांच्या पोरीला गावालाच शोधावं लागेल.