भेकराची सहा गुणसूत्रे

आपट्याहून कर्नाळ्याच्या अरण्याकडे वळलात, तर ज्या भेकराचे भुंकणे कानी पडण्याचा संभव असतो, त्याच्या मादीच्या पेशीत अवघी 6 आणि नराच्या पेशीत 7 गुणसूत्रे असतात. सस्तन प्राण्यांत याहून कमी संख्या ज्ञात नाही, आणि म्हणूनच ही ठळक गुणसूत्रे विभाजनाच्या अभ्यासकांना फार सोयीची वाटतात. (आपली 46 मोजताना डोळे शिणतात!)

विभाजनापूर्वी प्रत्येक गुणसूत्राच्या दोन प्रती कोहेसिन प्रथिनाच्या कड्यांनी जखडलेल्या असतात. ती कडी तोडणारे सेपरेज हे विकर सज्ज असले, तरी सेक्युरिन त्याला नजरकैदेत ठेवते, आणि गुणसूत्रांना दोन टोकांकडे ओढणाऱ्या तर्कूच्या तंतूंना एखादे गुणसूत्र जरी जोडले जायचे राहिले असेल, तरी सुटकेचा हुकूम निघत नाही.

कोवळ्या भ्रूणात मात्र हा बंदोबस्त पुष्कळदा सैल असतो. झेनोपस बेडकाच्या भ्रूणात पहिल्या विभाजनानंतरची अकरा विभाजने सुमारे अर्ध्या अर्ध्या तासाने होतात, आणि तर्कूचे तंतू औषधाने मोडले तरी पेशीचे घड्याळ थांबत नाही. अवाढव्य अंड्यात न जोडलेल्या मोजक्या गुणसूत्रांचा निषेध विरून जातो, हे त्याचे एक स्पष्टीकरण मला पटण्यासारखे वाटते. मानवी भ्रूणाच्या पहिल्या काही दिवसांतही गुणसूत्रसंख्या चुकलेल्या पेशी वारंवार आढळतात.