जमिनीवरचे विमान : उड्डाण व्यवस्थापन प्रणाली व तिची हुबेहूब प्रतिकृती

चंद्रपूर व गडचिरोली हे राज्याच्या पूर्व सीमेवरील वनजिल्हे होत. २६ ऑगस्ट १९८२ रोजी जुन्या चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला. येथील दुर्गम मतदान केंद्रांवर निवडणुकीच्या वेळी मतदान पथके हेलिकॉप्टरने पोहोचविली जातात. त्यामुळे या भागातील अनेक शिक्षकांनी व कर्मचाऱ्यांनी आपले अरण्य आकाशातून पाहिलेले आहे. दिवसा खाली हिरव्या रंगाचा अखंड पट्टा आणि रात्री केवळ काळोख, असे त्याचे रूप असते. अशा प्रदेशावरून दहा-अकरा किलोमीटर उंचीवरून जाणाऱ्या प्रवासी विमानास आपली वाट कशी सापडते, हा प्रश्न कोणाही जिज्ञासू व्यक्तीच्या मनात येणे स्वाभाविक आहे.

जानेवारी १९४९ मध्ये देशात रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली, तेव्हा मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास या चारही शहरांची विमाने मध्यरात्री नागपुरास एकत्र येत आणि टपालाची अदलाबदल करून परतत. त्या काळी वैमानिकाचा भार होकायंत्र, घड्याळ, नकाशा व जमिनीवरील रेडिओ केंद्रे यांवर असे. आज हे काम मुख्यतः एक संगणक करतो. त्यास उड्डाण व्यवस्थापन प्रणाली असे म्हणता येईल. ही प्रणाली काय करते, वैमानिकांच्या शिक्षणासाठी तिची प्रतिकृती जमिनीवर कशी तयार केली जाते आणि ती हुबेहूब असण्याचा आग्रह का धरावा लागतो, याची माहिती या लेखात करून देण्याचा प्रयत्न आहे.

प्रणालीचे कार्य

१९८२ साली प्रवासी सेवेत आलेल्या बोइंग ७६७ या विमानापासून अशा प्रणालीचा प्रसार मोठ्या प्रमाणावर झाला. वैमानिकाच्या हाताशी अक्षरे व अंक यांच्या कळा असलेला एक फलक आणि त्यावर एक लहान पडदा असतो. या फलकाद्वारे वैमानिक निघण्याचे व पोहोचण्याचे ठिकाण, मार्ग, विमानाचे वजन, इंधन, वाऱ्याचा अंदाज इत्यादी माहिती प्रणालीस पुरवितो.

प्रणालीची कामे ढोबळमानाने चार आहेत. पहिले काम स्थाननिश्चितीचे. विमानातील जडत्वमापक उपकरणे, उपग्रह व जमिनीवरील रेडिओ केंद्रे यांच्या साहाय्याने ती विमानाचे अक्षांश-रेखांश सतत ठरवीत असते. दुसरे काम मार्गाचे. विमानतळ, धावपट्ट्या, रेडिओ केंद्रे आणि आकाशातील कल्पित मार्गबिंदू यांची नोंद असलेले भांडार तिच्याजवळ असते व ते दर २८ दिवसांनी अद्ययावत केले जाते. तिसरे काम हिशेबाचे. किती वेगाने जावे, किती उंची गाठावी, इंधन किती उरेल आणि खाली उतरण्यास कोठून प्रारंभ करावा, हे ती काढून देते. चौथे काम म्हणजे या सर्वांच्या आधारे स्वयंचालकास, म्हणजे ऑटोपायलटला, आदेश देणे.

एटापल्लीवरून नागपूरकडे

हा हिशेब शालेय गणिताच्या आवाक्यातला आहे. नागपूर विमानतळ सुमारे २१.०९ अंश उत्तर अक्षांश व ७९.०५ अंश पूर्व रेखांशावर, तर गडचिरोली सुमारे २०.१८ अंश उत्तर व ८०.०० अंश पूर्वेस आहे. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. या पट्ट्यात रेखांशाचा एक अंश सुमारे १०४ किलोमीटर भरतो. त्यावरून पायथागोरसच्या प्रमेयाने हे अंतर सरळ रेषेत सुमारे १४० किलोमीटर निघते. ताशी ८३० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या विमानास त्यासाठी अवघी १० मिनिटे लागतात.

आता उतरण्याचा हिशेब पाहू. दर हजार फूट उतरण्यास सुमारे साडेपाच किलोमीटर अंतर लागते, असा वैमानिकांचा आडाखा आहे. नागपूरचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे १,००० फूट उंचीवर आहे. आग्नेयेकडून ३६,००० फूट उंचीवरून येणाऱ्या विमानास ३५,००० फूट उतरावयाचे असेल, तर त्यास सुमारे १९५ किलोमीटर आधीच उतरण लागावी लागेल. म्हणजे नागपूरला उतरण्याची सुरुवात एटापल्लीच्या परिसरातील अरण्यावर असतानाच होईल. पाठीमागून जोराचा वारा असेल तर त्याही आधी. प्रत्यक्ष प्रणाली हा आडाखा न वापरता विमानाचे वजन, वेग, वारा व मार्गातील उंचीची बंधने ध्यानात घेऊन सूक्ष्म गणित करते आणि परिस्थिती बदलताच ते पुन्हा मांडते.

जमिनीवरील प्रशिक्षण

विमानाचे इंजिन बंद पडल्यास काय करावे, हे प्रवाशांनी भरलेल्या विमानात शिकविता येत नाही. यास्तव जमिनीवरच वैमानिक कक्षाची प्रतिकृती उभारून शिक्षण देण्याची पद्धत रूढ झाली. अमेरिकेतील एडविन लिंक यांनी १९२९ च्या सुमारास असे पहिले उपयुक्त यंत्र तयार केले. आजचे पूर्ण क्षमतेचे सिम्युलेटर सहा यांत्रिक पायांवर उभे असते. ते कलते, हलते, समोरच्या पडद्यावर धावपट्टी दाखविते आणि आतील प्रत्येक कळ खऱ्या विमानातल्याप्रमाणे असते. विशिष्ट प्रकारचे प्रवासी विमान चालविण्याचे शिक्षण मुख्यतः अशा यंत्रातच दिले जाते. आपल्या देशात दिल्ली परिसर, हैदराबाद, बंगळूर इत्यादी ठिकाणी ही सोय आहे.

अशा सिम्युलेटरात उड्डाण व्यवस्थापन प्रणाली बसविण्याचे तीन मार्ग आहेत. पहिला मार्ग म्हणजे खऱ्या विमानातील संगणकच आणून बसविणे. यात प्रतिकृतीचा प्रश्नच उरत नाही, परंतु वेगळी अडचण उभी राहते. प्रशिक्षक मध्येच 'थांबा' म्हणून विमान आकाशात गोठवितो, अथवा एका क्षणात विमान पुन्हा धावपट्टीच्या तोंडाशी आणून ठेवतो. खऱ्या विमानाच्या बाबतीत असे कधी घडत नसल्याने तो संगणक गोंधळतो. यासाठी उपकरणे तयार करतानाच सिम्युलेटरच्या गरजा विचारात घ्याव्यात, अशी 'एरिंक ६१०' नावाची मार्गदर्शिका विमान उद्योगाने ठरविली आहे.

दुसरा मार्ग म्हणजे मूळ संगणकातील आज्ञावली घेऊन ती सिम्युलेटरच्या संगणकावर चालविणे. तिसरा मार्ग म्हणजे मूळ प्रणालीचे बाहेरून दिसणारे वर्तन अभ्यासून आज्ञावली नव्याने लिहिणे. यात खर्च कमी येतो, परंतु अचूकतेची सर्व जबाबदारी लिहिणाऱ्यावर पडते. घरगुती संगणकावरील विमानांच्या प्रणाली बहुतांशी याच मार्गाने तयार होतात.

हुबेहूब म्हणजे काय?

पडद्याचा रंग, अक्षरांचे वळण व कळांची जागा जुळविणे तुलनेने सोपे आहे. खरी परीक्षा वर्तनाची असते. काही उदाहरणांवरून हे स्पष्ट होईल.

वैमानिकाने टंकलेला मजकूर खऱ्या प्रणालीत प्रथम पडद्याच्या तळच्या ओळीत उमटतो. तो पाहून, नंतर बाजूची कळ दाबून योग्य रकान्यात बसवावा लागतो. कच्चे टिपण तपासून मगच नोंदवहीत चढवावे, तसाच हा प्रकार आहे. बोइंग विमानांत मार्गामध्ये केलेला बदल मंजुरीची स्वतंत्र कळ दाबल्याखेरीज अंमलात येत नाही. प्रतिकृतीत ही पायरी गाळली, तर तपासून पाहण्याची सवयच शिकणाऱ्यास लागणार नाही.

मार्गाच्या दोन टप्प्यांमध्ये दुवा नसेल, तर खरी प्रणाली तो मनाने जोडीत नाही. ती तेथे खंड दाखविते, आणि वैमानिकाने तो दूर न केल्यास विमान त्याच दिशेने पुढे जात राहते. सोयीसाठी हा खंड आपोआप बुजविणारी प्रतिकृती वापरण्यास सुखाची वाटेल, पण शिक्षणास ती घातक होय.

वळणाचेही तसेच आहे. ताशी ८३० किलोमीटर वेगाने जाणारे विमान २५ अंश कलून वळले, तर त्याच्या वळणाची त्रिज्या सुमारे १२ किलोमीटर होते. ताशी ४६० किलोमीटर वेगास तीच सुमारे साडेतीन किलोमीटर भरते. म्हणून प्रणालीस बहुतेक मार्गबिंदूंपाशी पोहोचण्यापूर्वीच वळण घ्यावे लागते, आणि किती आधी हे वेगानुसार ठरते. काही बिंदू मात्र ओलांडूनच वळावयाचे असतात. मार्गाचे टप्पे कसे सुरू व्हावेत व कोठे संपावेत, याचे २३ प्रकार 'एरिंक ४२४' या मानकात दिलेले आहेत. हे सर्व प्रकार हाताळता आले, तरच प्रतिकृतीचा मार्ग खऱ्या मार्गाशी जुळतो.

चुकीची किंमत

हा आग्रह केवळ तांत्रिक हौसेपोटी नाही, हे दोन दुर्घटनांवरून कळून येते.

२० डिसेंबर १९९५ रोजी अमेरिकन एअरलाइन्सचे बोइंग ७५७ विमान मायामीहून कोलंबियातील काली शहराकडे उतरत होते. वैमानिकांना रोझो नावाच्या रेडिओ केंद्राकडे जावयाचे होते. कागदी नकाशावर त्याची खूण 'आर' हे अक्षर होती. त्यांनी प्रणालीत तेच अक्षर टंकले. परंतु संगणकाच्या भांडारात रोझोची नोंद त्या अक्षराखाली नव्हती, ती पूर्ण नावाने होती. यादीत प्रथम आले ते बोगोटा शहराजवळील रोमिओ केंद्र. तेच निवडले गेले आणि दुसऱ्या वैमानिकाकडून पडताळणी न होता बदल मंजूर झाला. विमान रात्रीच्या अंधारात डोंगरांकडे वळले. चूक ध्यानात येईपर्यंत उशीर झाला होता. विमानातील १६३ जणांपैकी १५९ जण मृत्युमुखी पडले.

दुसरी घटना आपल्याच देशातील. १४ फेब्रुवारी १९९० रोजी इंडियन एअरलाइन्सचे मुंबईहून निघालेले एअरबस ए-३२० हे विमान बंगळूरच्या धावपट्टीपूर्वीच जमिनीवर आदळले. १४६ पैकी ९२ जणांचा त्यात अंत झाला. हे विमान ताफ्यात दाखल होऊन फार दिवस झाले नव्हते. उतरताना त्याची स्वयंचलित यंत्रणा अशा अवस्थेत गेली होती, की इंजिने किमान शक्तीवरच राहिली. वेग घटत चालला आहे हे वैमानिकांच्या वेळीच लक्षात आले नाही. येथे प्रश्न मार्गाचा नव्हता. यंत्र या क्षणी कोणत्या अवस्थेत आहे, हे ओळखण्याचा होता.

या दोन्ही प्रसंगांत यंत्र बिघडलेले नव्हते. त्याने आज्ञेबरहुकूम काम केले. म्हणून प्रतिकृतीकडून एकच मूलभूत अपेक्षा आहे : जी चूक खऱ्या विमानात होऊ शकते, ती येथेही होऊ शकली पाहिजे, आणि तिचा परिणामही तसाच दिसला पाहिजे. एकाच अक्षराच्या दोन-चार नोंदी खऱ्या यादीत येत असतील, तर त्या येथेही त्याच क्रमाने आल्या पाहिजेत. विद्यार्थ्याने जमिनीवर ती चूक करावी, डोंगर समोर आलेला पाहावा आणि पुन्हा धावपट्टीवर येऊन धडा गिरवावा, यासाठीच तर हा खटाटोप आहे.

निवडणूक कामाचा अनुभव असलेल्यांस हे चटकन पटेल. मतदान अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणात यंत्राचे केवळ चित्र दाखवून भागत नाही. प्रत्यक्ष यंत्र हाताळावयास देऊन, अभिरूप मतदान घेऊन, कोणती कळ केव्हा दाबावी व कोणती केव्हा दाबू नये, हे करवून घेतले जाते.

वनजिल्ह्यांतील विद्यार्थ्यांसाठी

हा विषय या जिल्ह्यांस वाटतो तेवढा दूरचा नाही. शेजारच्या गोंदिया जिल्ह्यात बिरसी येथील विमानतळावर वैमानिक प्रशिक्षण संस्था आहे. नागपूर येथे जुना फ्लाइंग क्लब आहे, तर चंद्रपूरजवळ मोरवा येथे धावपट्टी आहे. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी २०० तासांच्या उड्डाणाचा अनुभव लागतो आणि त्यासाठी येणारा खर्च मोठा असतो. तथापि वैमानिक होणे हा एकच मार्ग नव्हे. सिम्युलेटरची आज्ञावली लिहिणे, मार्गभांडार तयार करणे, उपकरणांची देखभाल व हवाई वाहतूक नियंत्रण ही कामेही याच क्षेत्रातील आहेत. त्यांचा पाया गणित, भूगोल व भौतिकशास्त्र यांतच आहे.

ज्या शाळांत संगणक आहेत, तेथे 'फ्लाइटगिअर' हे विनामूल्य उड्डाण सिम्युलेटर वापरून पाहण्यासारखे आहे. त्याची आज्ञावली सर्वांस खुली असल्याने प्रणाली आतून कशी रचली आहे, हेही विद्यार्थ्यांस पाहता येते. ज्या शाळांत संगणक नाहीत, तेथे जिल्ह्याचा नकाशा, पट्टी व वर वापरलेले गणित पुरेसे आहे. आपल्या गावाचे अक्षांश-रेखांश काढणे, तेथून नागपूरचे अंतर व दिशा ठरविणे आणि विमानाची उतरण कोणत्या गावावर सुरू होईल हे शोधणे, हा इयत्ता नववी-दहावीसाठी उत्तम उपक्रम होईल. घरगुती किंवा शालेय संगणकावर घालविलेले तास परवान्यासाठी धरले जात नाहीत, तसेच तेथील सर्वच विमानांच्या प्रणाली खऱ्याप्रमाणे वागतात असे नाही, याची जाणीव मात्र विद्यार्थ्यांस प्रारंभीच करून द्यावी.

संगणक आता ग्रामपंचायतीच्या कार्यालयापर्यंत पोहोचला आहे. तेथेही एखादे नाव यादीतून घाईने निवडले गेले, तर एकाचा लाभ दुसऱ्याच्या नावे जाऊ शकतो. टंकलेले पुन्हा वाचावे, दुसऱ्याकडून पडताळून घ्यावे आणि मगच मंजुरीची कळ दाबावी, ही वैमानिकांस लावली जाणारी शिस्त आपल्या कार्यालयांतही तितकीच उपयोगी पडणारी आहे. प्रत्यक्ष कामाची जबाबदारी सोपविण्यापूर्वी तेथील कर्मचाऱ्यांनाही खऱ्यासारख्या यंत्रणेवर सराव करण्याची संधी मिळावयास हवी.