होडी दीडपट मोठी घेतली तर खर्चही दीडपटच वाढतो का? वसईच्या नाखव्यांसमोरचं गणित समजून घ्या

१० मीटरची होडी विकली आणि १५ मीटरची बोट घेतली. बोट किती मोठी झाली? "दीडपट" हे उत्तर चटकन तोंडावर येतं. पण लांबीबरोबर रुंदी आणि खोलीही त्याच प्रमाणात वाढली, तर बोटीचं आकारमान होतं जवळपास ३.४ पट (१.५ × १.५ × १.५). डिझेल, बर्फ, खलाशी, दुरुस्ती हे सगळे खर्च लांबीच्या नाही, तर या दुसऱ्या आकड्याच्या मागे धावतात.

पाचूबंदर, किल्लाबंदर, नायगाव, अर्नाळा... वसई तालुक्यातल्या या कोळीवाड्यांसाठी हा शाळेतल्या गणिताचा प्रश्न नाही. किनाऱ्याजवळ पूर्वीसारखी मासळी मिळत नाही, त्यामुळे लांब जावं लागतं आणि लांब जायला मोठी बोट लागते. त्यासाठी कर्ज निघतं, कधी घरातलं सोनंही गहाण पडतं. म्हणूनच बोटीवर काय बसवायचं आणि काय नाही, हे आधी ठरवावं लागतं.

शिडाकडून इंजिनाकडे

या पट्ट्याला बोटी नव्या नाहीत. १६व्या शतकात वसईजवळचं आगाशी जहाजबांधणीसाठी ओळखलं जायचं. शिडाच्या होडीला इंधन फुकट मिळायचं, पण परतायची वेळ वाऱ्याच्या हातात असायची. स्वातंत्र्यानंतर होड्यांवर इंजिनं बसू लागली आणि वेळ नाखव्याच्या हातात आली. सोबत डिझेलचं बिलही आलं.

पहिला प्रश्न: जाळं कोणतं?

सुरुवात इंजिनापासून नाही, जाळ्यापासून करायची. इथली ओळख म्हणजे बोंबील आणि बोंबलासाठी लावली जाणारी डोल. हे पिशवीसारखं जाळं समुद्रात एका जागी बांधून ठेवतात आणि पाण्याचा प्रवाह मासळी आत आणतो. उधाणाला प्रवाह जोरात असतो, भांगाला मंद. प्रवाह फिरायच्या आत जाळं वर घ्यावं लागतं. त्यामुळे डोलीच्या बोटीला वेगापेक्षा मोकळी जागा आणि जाळं ओढायची चांगली विंच जास्त उपयोगी पडते.

गिलनेटवाल्या बोटीला अनेक दिवस बाहेर राहायचं असेल, तर बर्फाचा खण महत्त्वाचा. ट्रॉलरला जाळं ओढत न्यायचं असतं, म्हणून तिथे इंजिनाची ताकद आणि मोठा पंखा लागतो.

मासेमारीचा परवानाही जाळ्याच्या प्रकारानुसार मिळतो. पर्ससीनवर महाराष्ट्रात २०१६ पासून कडक निर्बंध आहेत. एलईडी दिवे लावून मासेमारी करायला २०१७ पासून बंदी आहे. ज्या पद्धतीचा परवाना मिळणार नाही, तिच्या सामानावर पैसे घालण्यात अर्थ नाही.

दुसरा प्रश्न: बोट लागणार कुठे?

बोट मोठी होते, पण खाडी तेवढीच राहते. या किनाऱ्यावर मोठ्या उधाणाला भरती आणि ओहोटीच्या पाण्यात ४ मीटरहून जास्त फरक पडतो. खाडीत गाळ असतो आणि ओहोटीला अनेक होड्या चिखलावर बसतात. ज्या बोटीचा तळ जास्त खोल जातो, तिला आत-बाहेर करायला भरतीची वाट पाहावी लागते. मासळी घेऊन आलेली बोट खाडीच्या तोंडाशी तासन् तास थांबली, तर लिलाव चुकतो आणि बर्फही वितळतो.

दुप्पट इंजिन म्हणजे दुप्पट वेग नाही

पाणी कापत जाणाऱ्या बोटीच्या वेगाला तिच्या लांबीची मर्यादा असते. बोट स्वतःच लाट तयार करते. वेग वाढला की ती लाट लांब होते आणि एका टप्प्यानंतर बोटीला आपलीच लाट चढावी लागते. पाण्याला टेकलेली लांबी १० मीटर असेल तर हा टप्पा साधारण ७.७ नॉटला येतो, १५ मीटरला साधारण ९.४ नॉटला. (१ नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर.)

म्हणजे लांबी दीडपट झाली तरी वेगाची मर्यादा सव्वापटीच्या आतच वाढते. त्यापुढे इंजिन कितीही मोठं बसवलं तरी वेग जेमतेम वाढतो आणि डिझेल मात्र भरमसाट जळतं.

बर्फाचा खण: इथे काटकसर महागात पडते

१ किलो मासळी ३० अंशांवरून शून्याला आणायला साधारण ३५० ग्रॅम बर्फ पुरतो. मग उष्ण प्रदेशांत १ किलो मासळीला १ किलो बर्फ का धरतात? कारण उरलेला बर्फ खणाच्या भिंतींतून येणारी उष्णता खाऊन टाकते. भिंतीत पफचा जाड थर चांगला भरला, तर तोच बर्फ जास्त दिवस टिकतो. हा खर्च एकदाच होतो आणि बचत दर फेरीला होते.

जीव वाचवणारं सामान

जीपीएस आणि मासळी शोधणारा फिशफाइंडर बहुतेकांना हवाच असतो. पण कपात करायची वेळ आली, तर लाइफ जॅकेट, व्हीएचएफ आणि तळातलं पाणी उपसणारा जादा पंप यांच्यावर करू नये. व्हीएचएफचे तरंग साधारण सरळ रेषेत जातात, म्हणून अँटेना जितकी उंच तितका आवाज लांब पोहोचतो. मोबाइलची रेंज मिळत असेल तर तटरक्षक दलाचा १५५४ हा मदत क्रमांक आहे.

रेंज संपली की काय? त्यासाठी ट्रान्सपाँडर. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमध्येच पंतप्रधानांच्या हस्ते देशभरातल्या १ लाख मासेमारी नौकांवर ट्रान्सपाँडर बसवण्याच्या योजनेची सुरुवात झाली. इस्रोच्या तंत्रज्ञानावर चालणाऱ्या या यंत्रातून उपग्रहामार्फत दोन्ही बाजूंनी संदेश पाठवता येतात आणि मच्छीमारांना ते मोफत मिळतं. म्हणून स्वतःच्या पैशाने असं यंत्र घेण्याआधी मत्स्यव्यवसाय विभागाकडे चौकशी करावी.

अनुदान आहे, पण हप्ते कधी भरायचे?

प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत पारंपरिक मच्छीमारांच्या खोल समुद्रातल्या बोटीसाठी १ कोटी २० लाखांची किंमत धरली आहे. त्यावर सर्वसाधारण गटाला ४० टक्के, तर महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के अनुदान आहे. उरलेली रक्कम नाखव्यालाच उभी करावी लागते.

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते. बोटी शाकारून ठेवल्या जातात, पण बँकेचा हप्ता थांबत नाही. त्यामुळे कमाईचा हिशोब बारा महिन्यांचा नाही, दहाच महिन्यांचा धरायचा. त्यातही वादळाचे दिवस वजा करायचे.

थोडक्यात क्रम असा: आधी जाळं आणि परवाना, मग बंदर, मग बोटीची लांबी, त्यानंतर बर्फाचा खण आणि इंजिन. जीव वाचवणारं सामान मात्र पहिल्या दिवसापासूनच्या हिशोबात धरायचं. फिशफाइंडरचा मोठा स्क्रीन दुसऱ्या हंगामातही घेता येतो. चुकीच्या खोलीचा तळ मात्र नंतर बदलता येत नाही.